अल्कोहॉलमिश्रित पेट्रोल आणि जुनी मोटार एंजिने

पेट्रोलात ठराविक प्रमाणात निर्जल एथिल अल्कोहॉल (एथॅनॉल) मिसळून तयार केलेल्या मोटार इंधनास अल्कोहॉलमिश्रित पेट्रोल म्हणतात. मिश्रणातील अल्कोहॉलाचे घनफळाने शेकडा प्रमाण ‘ई’ या अक्षरापुढे लिहिण्याचा प्रघात आहे. ई १० म्हणजे १०% आणि ई २० म्हणजे २०% अल्कोहॉल असलेले पेट्रोल होय. अल्कोहॉल उसाची मळी, उसाचा रस, मका, बीट, बटाटे इ. पदार्थांचे किण्वन व ऊर्ध्वपातन करून मिळवितात. या इंधनाचा इतिहास बहुधा शेती, खनिज तेलाची आयात व करआकारणी यांच्या अंगाने लिहिला जातो. आधीच रस्त्यावर असलेल्या गाड्यांचे त्यामुळे काय झाले, हा त्याच इतिहासाचा दुसरा आणि काहीसा दुर्लक्षित भाग आहे. या संदर्भात ‘जुने’ हा शब्द केवळ वयाचा निदर्शक नाही. एंजिनाची जुळणी ज्या इंधनासाठी झाली ते इंधन पंपावर मिळेनासे झाले, की ते एंजिन जुने ठरते. त्यामुळे एखाद्या देशात साठ वर्षांपूर्वीची मोटार, तर दुसऱ्या देशात सहा वर्षांपूर्वीची स्कूटर या वर्गात मोडते.

अडचणींचे स्वरूप : पेट्रोल हे मुख्यतः कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. एथिल अल्कोहॉलात मात्र वजनाने सु. ३५% ऑक्सिजन असतो. त्यामुळे १ किग्रॅ. पेट्रोलाच्या पूर्ण ज्वलनास सु. १४.७ किग्रॅ. हवा लागते, तर तितक्याच अल्कोहॉलास सु. ९ किग्रॅ. पुरते. एक लिटर अल्कोहॉलापासून मिळणारी उष्णता पेट्रोलापासून मिळणाऱ्या उष्णतेच्या सु. दोनतृतीयांश असते. याउलट अल्कोहॉलाचा ऑक्टेन अंक १०० हून अधिक असल्याने सिलिंडरातील अपस्फोटन (ठोका) ते चांगले रोखते आणि अधिक संपीडन गुणोत्तराच्या एंजिनास ते मानवते. जुन्या, कमी संपीडन गुणोत्तराच्या एंजिनास या गुणाचा फारसा उपयोग नसतो. तोटा मात्र पुरता सोसावा लागतो.

कार्ब्युरेटरातील जेटचे छिद्र ठरलेल्या मापाचे असते. इंधन बदलले तरी त्यातून येणारे इंधन व हवा यांचे प्रमाण आपोआप बदलत नाही. त्यामुळे केवळ पेट्रोलासाठी जुळविलेल्या कार्ब्युरेटरात ई १० वापरल्यास मिश्रण सु. ४% व ई २० वापरल्यास सु. ८% विरळ होते. जुन्या एंजिनांची जुळणी सामान्यतः किंचित दाट मिश्रणावर केलेली असे. म्हणून ई १० चा विरळपणा पुष्कळदा जाणवत नाही. उलट कार्बन मोनॉक्साइड कमी होते. ई २० ला ही सवलत अपुरी पडते. थंड एंजिन चालू होण्यास वेळ लागतो, वेग वाढविताना ते अडखळते व जेट बदलून जुळणी नव्याने करावी लागते. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक आणि इंधन अंतःक्षेपणाची इलेक्ट्रॉनीय यंत्रणा असलेल्या एंजिनात ही दुरुस्ती बऱ्याच अंशी आपोआप होते.

तथापि खरा त्रास सिलिंडरात होत नाही. तो टाकीपासून सिलिंडरापर्यंतच्या वाटेवर होतो. नैसर्गिक रबर, बूच, काही प्रकारची नायट्राइल रबरे व पॉलियुरेथेन ही द्रव्ये अल्कोहॉलाने फुगतात, मऊ पडतात किंवा वाळल्यावर तडकतात. पॉलिएस्टर रेझिनाच्या तंतुकाच टाक्यांचे रेझीन विरघळू लागते. जस्त व ॲल्युमिनियम यांच्या ओतीव मिश्रधातूंचे कार्ब्युरेटर आणि शिसे व कथिल यांचा मुलामा दिलेल्या पोलादी टाक्या पाण्याचा अंश असलेल्या अल्कोहॉलाने गंजतात. याशिवाय अल्कोहॉल हा उत्तम विद्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे साचलेला राळेसारखा थर सुटतो व गाळणीत किंवा जेटमध्ये अडकतो. मिश्रणाकडे वळल्यानंतर पहिल्या काही टाक्यांतच जुन्या गाड्या बंद पडल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतील अनेकांचे मूळ हा गाळ असतो. त्या प्रसंगी दोष इंधनापेक्षा टाकीच्या अस्वच्छतेकडे अधिक जातो.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. अल्कोहॉल हवेतील आर्द्रता शोषून घेते. मिश्रणात पाण्याचा अंश एका मर्यादेपलीकडे (ई १० च्या बाबतीत साधारण तापमानास घनफळाने सु. ०.५%) गेला, की मिश्रण दुभंगते आणि पाणी व अल्कोहॉल यांचा जड थर तळाशी बसतो. वर उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन अंक घटतो. रोज वापरातील गाडीत इंधन इतके दिवस टिकतच नाही. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी मात्र या दोषास सहज बळी पडते. भारतीय स्कूटर व मोटारसायकल यांच्या पेट्रोल कॉकची ‘रिझर्व्ह’ स्थिती टाकीच्या अगदी तळातून इंधन घेते, म्हणजे नेमका हाच थर प्रथम एंजिनात जातो. द्विघात एंजिनात धोका आणखी वाढतो. तेथे वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळलेले असते. मिश्रण दुभंगल्यावर तेल वरच्या थरात राहते व तळचा थर जवळजवळ वंगणाविना सिलिंडरात पोहोचतो. अशा स्थितीत दट्ट्या घासला जाऊन अडकू शकतो.

आरंभीचा इतिहास : अल्कोहॉलावर एंजिन चालविण्याची कल्पना पेट्रोलाहून जुनी आहे. सॅम्युएल मोरी या अमेरिकन संशोधकांनी १८२६ मध्ये टर्पेंटाइन व अल्कोहॉल यांवर चालणाऱ्या अंतर्ज्वलन-एंजिनाचे पेटंट घेतले. अमेरिकेत औद्योगिक अल्कोहॉलावरील कर १९०६ च्या कायद्याने उठला आणि १९०८ मध्ये हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी ही मोटार बाजारात आली. तिच्या कार्ब्युरेटराची सुई चालकाला आतूनच फिरविता येई आणि ठिणगीची वेळ सुकाणूजवळच्या दांड्याने मागेपुढे करता येई. त्यामुळे निरनिराळ्या प्रतींची इंधने तिच्यात जाळता येत. फोर्ड यांनी पुढे अल्कोहॉलाचा जाहीर पुरस्कार केला हे खरे. परंतु ही मोटार मुळात अल्कोहॉलासाठीच बनविली होती, हे वारंवार केले जाणारे विधान अतिशयोक्त आहे. त्या काळातील अनेक कार्ब्युरेटरांत इंधनाची पातळी राखणारा फ्लोट बुचाचा असे व त्यावर लाखेचे रोगण दिलेले असे. लाख पेट्रोलात विरघळत नाही, अल्कोहॉलात मात्र सहज विरघळते. रोगण गेल्यावर बूच इंधन शोषून जड होते, फ्लोट बुडतो आणि कार्ब्युरेटर ओसंडून वाहू लागतो. या मोटारी आज जतन करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर यूरोपात शिल्लक राहणारे बीट व बटाटे आणि आयात करावे लागणारे तेल यांमुळे मिश्रणाला राजकीय पाठबळ मिळाले. फ्रान्समध्ये १९२३ च्या कायद्याने पेट्रोलाच्या आयातदारांवर ठराविक प्रमाणात देशी अल्कोहॉल विकत घेण्याची सक्ती आली. साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने सु. ९५.६ टक्क्यांपलीकडे शुद्ध अल्कोहॉल मिळत नाही व उरलेले पाणी मिश्रण दुभंगण्यास पुरेसे ठरते. हे पाणी बेंझिनाच्या साहाय्याने काढून टाकण्याची रीत सिडनी यंग यांनी १९०२ मध्ये दाखविली होती. ती कारखानदारीत रुळल्यावरच मिश्रण विश्वसनीय झाले. ब्रिटनमध्ये ‘क्लीव्हलंड डिस्कॉल’ हे अल्कोहॉलमिश्रित पेट्रोल १९२८ पासून, युद्धकाळातील खंड सोडता, १९६० नंतरच्या दशकापर्यंत विकले गेले व ते उंची इंधन म्हणून ओळखले जाई. आज जतन केल्या जाणाऱ्या अनेक ब्रिटिश मोटारींनी आपल्या तारुण्यात अल्कोहॉल प्यालेले आहे, हे त्यांचे मालक कित्येकदा विसरतात. मात्र ते पेट्रोल ग्राहक आपणहून निवडीत असे आणि शेजारीच साधे पेट्रोलही मिळत असे.

अमेरिकेत १९२१ मध्ये टॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या संयुगाचा अपस्फोटनरोधक गुण आढळला. हे काम अल्कोहॉलानेही होत होते. परंतु शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात पुरे आणि स्वस्त पडे. यानंतरच्या सु. अर्धशतकात जगातील बहुसंख्य एंजिने शिसेयुक्त, अल्कोहॉलरहित पेट्रोल गृहीत धरून बनली. त्यांच्या नळ्या, गॅस्केटे व पडदे निवडताना अल्कोहॉलाचा विचार करण्याचे कारणच नव्हते. आजच्या विसंगतीचे बीज या काळात आहे.

ब्राझील : अल्कोहॉलाशी संपूर्ण वाहनव्यवस्था जुळवून घेणारा पहिला मोठा देश ब्राझील होय. तेथे १९३१ मध्ये आयात पेट्रोलात ५% अल्कोहॉल मिसळण्याची सक्ती झाली. १९७३ मधील तेलदरवाढीनंतर १४ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्रीय अल्कोहॉल कार्यक्रम (प्रोआल्कूल) जाहीर झाला. साऊँ झूझे दूस कांपूस येथील वैमानिकी तंत्र केंद्रात उर्बानू एर्नेस्तू स्टुंफ यांच्या मार्गदर्शनाखाली अल्कोहॉलाची एंजिने सिद्ध करण्यात आली आणि १९७६ मध्ये अशा तीन मोटारींनी देशभर सु. ८,००० किमी. प्रवास केला. १९७९ मध्ये जलयुक्त अल्कोहॉलावर चालणारी फियाट १४७ विक्रीस आली. पहिल्या वर्षांतील गाड्यांचा अनुभव सुखद नव्हता. कार्ब्युरेटर गंजत, टाक्यांना भोके पडत आणि थंडीच्या सकाळी एंजिन चालू होत नसे. कार्ब्युरेटरांना निकेलाचा व टाक्यांना कथिलाचा मुलामा, तसेच थंडीत सुरुवात करण्यासाठी पेट्रोलाची छोटी स्वतंत्र टाकी, हे उपाय या अनुभवातून आले. १९८५ च्या सुमारास नव्या मोटारींपैकी ९०% हून अधिक अल्कोहॉलावर चालणाऱ्या होत्या.

१९८९–९० मध्ये अल्कोहॉलाचा तुटवडा पडला व पंपांपुढे रांगा लागल्या. गंजण्याच्या तक्रारींनी जो विश्वास डळमळला नव्हता तो या तुटवड्याने डळमळला. कोणतेही प्रमाण चालवून घेणारी ‘फ्लेक्स’ एंजिने २००३ मध्ये आल्यावर तो पुन्हा बसला. साध्या पेट्रोलातील अल्कोहॉल मार्च २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर नेताना ब्राझीलने उंची प्रतीच्या पेट्रोलात ते २५ टक्क्यांवरच ठेवले, कारण केवळ पेट्रोलावर चालणाऱ्या गाड्यांची वाढीव प्रमाणावर पुरेशी चाचणी झालेली नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये साध्या पेट्रोलातील प्रमाण ३०% झाले. अल्कोहॉलाचा इतका दीर्घ अनुभव असलेल्या देशानेही दोन टक्क्यांच्या वाढीसाठी दुसरा पंप राखला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अमेरिका व यूरोप : अमेरिकेत ई १० ची विक्री १९७० नंतरच्या दशकाअखेर सुरू झाली. ई १५ ला परवानगी देताना तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१० मध्ये २००७ व त्यानंतरच्या आणि २०११ मध्ये २००१ व त्यानंतरच्या गाड्यांपुरती ती मर्यादित केली. मोटारसायकली, नौका व लहान एंजिने वगळण्यात आली आणि पंपांवर तशी सूचना लावणे सक्तीचे झाले. जर्मनीत २०११ मध्ये ई १० आल्यावर गाडीला ते चालते की नाही याविषयी ग्राहक इतके साशंक होते, की बहुतेक गाड्यांना ते चालत असूनही अनेकांनी महाग ई ५ घेणे पसंत केले. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई १० झाले. उंची प्रतीचे पेट्रोल ई ५ ठेवण्यात आले. त्या वेळच्या सरकारी अंदाजानुसार पेट्रोलावरील सु. ९५% मोटारींना ई १० चालणार होते. उरलेल्या ५ टक्क्यांना जादा किंमत मोजून का होईना, वाट ठेवली गेली.

भारत : भारतात मळीपासून मोटार इंधन करण्याचा विचार १९३० नंतरच्या दशकात, साखर धंद्याला संरक्षण मिळून मळीचे ढीग साचू लागल्यावर, बळावला. दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलटंचाईने त्याला चालना दिली आणि १९४८ मध्ये ‘पॉवर अल्कोहॉल’विषयक केंद्रीय कायदा झाला. त्यात किमान ९९.५% शुद्धतेचे अल्कोहॉल अभिप्रेत होते. म्हणजे पाण्याचा धोका कायदा करणाऱ्यांना ठाऊक होता. पुढे रासायनिक उद्योगांकडून अल्कोहॉलास मागणी वाढली व स्वस्त आयात पेट्रोलापुढे मिश्रण मागे पडले. हा कायदा २००० मध्ये रद्द झाला. लगेच पुढच्या वर्षी मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प सुरू व्हावेत, हा इतिहासातील एक गमतीचा योगायोग म्हणावा लागेल. २००१ मधील त्या प्रकल्पांपैकी दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे होते. तिसरा उत्तर प्रदेशात होता. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत ५% मिश्रण सक्तीचे झाले, परंतु मळीच्या तुटवड्यामुळे ते लवकरच खंडित झाले. २०१३–१४ मध्येही देशातील सरासरी मिश्रण सु. १.५ टक्केच होते. उसाचा रस व साखरेचा अधिक अंश असलेली मळी वापरण्यास २०१८ पासून परवानगी मिळाल्यावर वेग आला. जून २०२२ मध्ये १०% प्रमाण गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई २० ची विक्री सुरू झाली आणि २०३० साठी ठरविलेले २० टक्क्यांचे लक्ष्य २०२५ मध्येच साध्य झाले. दहावरून वीस टक्क्यांवर जाण्यास जेमतेम तीन वर्षे लागली. वाहनाचे आयुष्य मात्र पंधरा-वीस वर्षांचे असते.

भारतीय वाहनांचा साठा मुख्यतः दुचाकींचा आहे, ही बाब येथे निर्णायक ठरते. मोटारींत कार्ब्युरेटराची जागा इंधन अंतःक्षेपणाने २००० च्या सुमारास घेतली. बहुसंख्य दुचाकींत हा बदल १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा मानके लागू झाल्यावरच झाला. म्हणून २०१९ मध्ये विकत घेतलेली मोटारसायकलही, इंधनाच्या दृष्टीने, प्रीमियर पद्मिनीच्याच पंगतीत बसते. (मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींपुढे हा प्रश्न फारसा आला नाही. त्यांतील बहुसंख्य पूर्वीच नैसर्गिक वायूवर चालू लागल्या होत्या व अखेरच्या टॅक्सी २०२३ मध्ये सेवेतून गेल्या.) ई २० ला साजेशी द्रव्ये वापरणे नव्या गाड्यांना एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाले. त्यापूर्वीच्या कोट्यवधी गाड्यांना ते लागू नव्हते.

पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था व इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र यांनी २०१४–१५ मध्ये ई २० वर चाचण्या केल्या. त्यांत धातूंवर विशेष परिणाम आढळला नाही. मात्र रबरी द्रव्यांची कामगिरी पेट्रोलाच्या तुलनेने कमी भरली व नायलॉनाच्या एका प्रकाराची ताणशक्ती घटली. इंधनखप सु. ६ टक्क्यांनी वाढला. एंजिनाचा कोणताही भाग निकामी झाला नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालाने केवळ पेट्रोलासाठी बनविलेल्या व ई १० साठी जुळविलेल्या मोटारींची इंधनकार्यक्षमता ६ ते ७ टक्क्यांनी व दुचाकींची ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला. ई १० साठीच बनविलेल्या मोटारींसाठी तो १ ते २ टक्के होता. जुन्या गाड्यांच्या रक्षणासाठी ई १० सतत मिळत राहावे, असेही त्यात नमूद होते.

प्रत्यक्षात २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर ई २० हेच साधे पेट्रोल झाले आणि कमी प्रमाणाचा पर्याय उरला नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये यावर मोठा वाद झाला. पेट्रोलियम मंत्रालयाने एंजिने बिघडत असल्याचा आरोप फेटाळला. काही जुन्या गाड्यांत २०,००० ते ३०,००० किमी. वापरानंतर रबरी भाग व गॅस्केटे बदलावी लागतील, ते काम स्वस्त व नेहमीच्या देखभालीत होणारे आहे, असे सांगितले. चाचण्यांचे निष्कर्ष पाहता एंजिनांच्या सरसकट नाशाची भीती निराधार होती यात शंका नाही. परंतु प्रति लिटर उष्णता ६–७ टक्क्यांनी कमी असलेले इंधन त्याच दराने विकले गेल्यास तो फरक ग्राहकाच्या खिशातून जातो, हेही तितकेच खरे आहे. २०२४–२५ मध्ये अल्कोहॉलाची सरासरी खरेदी किंमत लिटरला सु. ७१ रुपयांवर गेल्याने मिश्रण स्वस्त विकण्यास वावही उरला नव्हता. अल्कोहॉलरहित पेट्रोलाचा पर्याय मिळावा व पंपांवर प्रमाण स्पष्ट लिहावे, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे ई २० शी जुळवून घेण्याचे काम मालकाकडे व कारागिराकडे राहिले. इंधननळी व गॅस्केटे फ्लुओरीनयुक्त रबराची बसविणे, जेट एक माप वाढविणे, टाकी आतून स्वच्छ करणे आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवण्यापूर्वी कार्ब्युरेटर व टाकी रिकामी करणे, एवढे केल्यास बहुतेक चतुर्घात एंजिने ई २० वर चालू शकतात. पेट्रोलातच तेल मिसळून चालविलेल्या जुन्या द्विघात स्कूटरींना या उपायांनीही पूर्ण संरक्षण मिळत नाही.